पुढचा पाय गरम लागतोय, जत्रेच्या शर्यतीला घोडी जुंपावी का?

दूधगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी निपाणीकडचा. आमच्या मामांनी गेल्या दिवाळीत अकलूजच्या बाजारातून कुमैत (लालसर तपकिरी) घोडी आणली. घेताना सगळ्यांनी देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) बघितला, भोवरे बघितले, मानेचा बाक बघितला आणि सौदा झाला. दाताला दुसा (दोन पक्के दात आलेली) आहे, अजून चौसा (चार दातांची) झालेली नाही. अंगानं भरलेली आणि स्वभावानं इतकी गरीब की घरातली पोरं तिच्या पोटाखालून ये-जा करतात.

आमच्या गावची जत्रा पुढच्या आठवड्यात आहे. कमिटीनं घोडागाडीच्या जंगी शर्यतीचे बोर्ड लावलेत, अर्धा मजकूर कन्नड, अर्धा मराठी. कागल, शिरोळ, मिरजेकडूनही गाड्या येणार. पल्ला गावच्या कमानीपासून कारखान्याच्या फाट्यापर्यंत आणि परत, सगळा डांबरी. मामांनी प्रवेश फी भरून टाकली आहे आणि भाऊबंदांत शब्दही देऊन बसलेत.

घोडीचा दाणापाणी, खरारा सगळं माझ्याकडे आहे. परवापासून पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्याखाली मागच्या बाजूनं हात लावला की गरम लागतं. उजवा पाय गार. सूज आहे म्हणावी तर डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला काहीतरी भरल्यासारखं लागतं. हळू चालवली तर काही कळत नाही. डांबरीवर दुडकी काढली की मान वरखाली करते. मामा म्हणतात, नाल नवीन ठोकलाय, खिळा जरा आत गेला असेल, बसेल आपोआप. शर्यतीतले एक जाणते आहेत, ते म्हणाले आदल्या रात्री एक आणि सकाळी एक इंजेक्शन मारा, पाय दुखतोय हे घोडीला आठवणारसुद्धा नाही.

हे शेवटचं ऐकल्यापासून मला झोप नाही. हे खिळ्याचं दुखणं आहे की शिरेचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं, कसं ओळखायचं? इंजेक्शन देऊन पळवली तर काय होतं? आणि मामांना दुखावल्याशिवाय कसं थांबवायचं? कुणी जाणकार असाल तर सविस्तर लिहा.

गाडीशौकीन रायबाग

भावा, इंजेक्शनच्या नादाला लागू नकोस एवढं मीही सांगतो. पण या धाग्यावर आता लगेच ‘शर्यती बंद करा’ म्हणणारे येतील, म्हणून आधीच लिहितो. आमच्याकडं जनावर पोटच्या पोरागत सांभाळतात. घरात पोराला नसलं तरी घोड्याला दूध-अंडी असतात. बैलगाडी शर्यती २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, मग २०१७ ला कर्नाटकानं कायदा दुरुस्त केला, महाराष्ट्रानंही केला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो उचलून धरला. म्हणजे परंपरा आहे हे कोर्टानंही मान्य केलं. राहिला डांबरीचा प्रश्न. चिकोडी-निपाणी पट्ट्यात मोकळा माळ राहिलाय कुठं? जिकडं बघावं तिकडं ऊस. कमिटीला रस्ता सोडून दुसरी जागाच मिळत नाही, तिनं करावं काय?

जुना मोतद्दार

बाळा, घोडी जुंपू नकोस. उत्तर आधी दिलं, आता कारण सांगतो. थोडं लांबेल.

मी हुक्केरी तालुक्यातला. उमेदीची वर्षं पुण्याच्या आणि बेंगळुरूच्या रेसकोर्सवरच्या तबेल्यांत मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) म्हणून काढली, आता गावी शेती बघतो. तबेल्यात पहाटे दाणा द्यायच्या आधीचं काम म्हणजे चारी पायांवर हात फिरवायचा. हाताची मागची बाजू लावायची, तळव्याला कामानं घट्टे पडलेले असतात, त्याला ऊब कळत नाही. गुडघ्यापासून खाली नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागनं जी दोरीसारखी शीर जाते ती चिमटीत धरून वरनं खाली यायचं. डाव्यावर जे लागलं ते उजव्यावर लागतंय का बघायचं. दोन्हींत फरक असला की घोडा त्या दिवशी पळायला जात नसे, मग मालक कितीही मोठा असो. तू हे कुणी न शिकवता केलंस. तुझ्या हातात घोडी नीट आहे.

आता खिळा की शीर. खिळा लागला असेल तर ऊब खुरात असते, वर नळीच्या मागं नसते. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागं, दोन्ही कडांना बोटं हलकी टेकव. निरोगी पायात तिथली नाडी शोधावी लागते. खुरात दाह असला की ती बोटाला ठोके देते. नालबंदाला बोलावून एकेका खिळ्यावर हातोडीनं हलकं टिचकव म्हणावं. ज्या खिळ्यावर पाय ओढून घेईल तो काढून टाकायचा. पण तू लिहिलंयस ते मला खिळ्याचं वाटत नाही. ऊब नळीच्या मागं, बोटाला भरल्यासारखं, दुडकीत मान हलते, हा सगळा शिरेचा कारभार आहे. मान हलते त्यातही बघून ठेव. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागला की घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय पडला की खाली आणतो. मामांना समोर उभं करून घोडी सरळ रेषेत दुडकीनं आण आणि फोनवर व्हिडिओ काढ. हळू करून दाखवलास की कुणालाही दिसतं.

इंजेक्शनचं. दुखणं मारणारं औषध शीर जोडत नाही, सूज आणि वेदना दाबतं. चौखूर पळणाऱ्या घोड्याचा एक क्षण असा येतो की सगळा भार एकट्या पुढच्या पायावर असतो, आणि तो अंगाच्या वजनाच्या अडीचपटीपर्यंत जातो. तुझी घोडी साडेतीनशे किलोची धर, त्या एका नळीवर आणि तिच्या मागच्या शिरेवर जवळजवळ पाऊण-एक टन आला. शीर आतून थोडी फाटलेली असताना घोडा स्वतःहून पाय राखून टाकतो. औषधानं ते राखणं जातं आणि तो पूर्ण जोर देतो. अर्धी फाटलेली शीर मग पुरी जाते. हाडाला बारीक चीर असेल तर नळीच मोडते. रेसकोर्सवर जिंकलेल्या घोड्याचं मूत्र-रक्त तपासून असलं औषध सापडलं तर बक्षीस काढून घेतात. लोकांना वाटतं हे नुसतं जुगारात फसवणूक होऊ नये म्हणून आहे. तबेल्यात काम केलेल्याला त्याचं दुसरं कारण माहीत असतं.

आणि मोडलेला पाय घोड्यात जुळवणं फार अवघड. अमेरिकेत बार्बारो नावाचा घोडा होता, २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला. दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पैशाला तोटा नव्हता, जगातले नामांकित डॉक्टर, पट्टी आणि स्क्रू टाकून पाय बसवला. तरी आठ महिन्यांनी, जानेवारी २००७ ला त्याला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. मोडलेला पाय नव्हे, बाकीचे पाय गेले. एक पाय राखायला घोडा बाकीच्यांवर भार घेतो, मग त्या खुरांच्या आतलं मांस सुजून खुरापासून सुटायला लागतं. माणसासारखा तो महिनोन्‌महिने आडवा पडून राहू शकत नाही. त्याच्यासाठी एवढं करून हे झालं. आपल्याकडे कारखान्याच्या फाट्यावर घोडीचा पाय मोडला तर ट्रॅक्टरची ट्रॉली येईपर्यंत ती रस्त्यातच पडून राहणार.

शर्यतीला माझा विरोध नाही. घोडा पळताना बघून मला आजही भरून येतं. पण डांबरी रस्ता आणि मोटारसायकली या दोन गोष्टी मला बघवत नाहीत. डांबराला लवचीक असं काही नसतं, प्रत्येक टापेचा दणका सरळ सांध्यात जातो. वरून गुळगुळीत लोखंडी नाल वळणावर सरकतो. घोडा घसरून गुडघ्यावर आला की मागची गाडी त्याच्या अंगावर चढते. आणि दोन्ही बाजूंनी वीस-वीस पोरं मोटारसायकलीवरनं हॉर्न दाबत, कुणी काठी मारत, कुणी शेपूट पिरगाळत पळतात. घोडा भित्रा जीव. डोळे बाजूला असल्यानं त्याला मागचंही बरंचसं दिसतं. तो तेव्हा जिंकायला पळत नसतो, जीव वाचवायला पळत असतो. ताकद संपली तरी भीती त्याला थांबू देत नाही. शर्यतीनंतर एखाद्याच्या नाकातनं रक्त येतं तेव्हा आपले लोक म्हणतात गरमी बाहेर पडली, बरं झालं. ते फुप्फुसातलं रक्त असतं. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, जे काही आहे ते दोन नाकपुड्यांतून. त्याच वाटेनं रक्त यायला लागलं तर तो जीव आत किती गुदमरत असेल! रेसकोर्सवर असं रक्त आलं की त्या घोड्याला काही काळ पळायला बंदी असते. आपल्याकडे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या जत्रेत तो परत गाडीला असतो.

चाबकाचंही तेच. इंग्लंडात २०२३ पासून सपाट शर्यतीत सहाच वेळा चाबूक वापरता येतो, तोही गादी असलेला. चार किंवा जास्त फटके वर गेले तर घोडा बाद. आपल्याकडे गाडीत बसलेल्याच्या हातात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

रेसकोर्स म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. तिथंही पाय मोडतात, पडदा धरून घोडा कायमचा झोपवतात, मी तो पडदा धरलेला आहे. तिथून निवृत्त झालेले घोडे जुन्या फुगलेल्या शिरा घेऊन आपल्याच बाजारात विकायला येतात आणि उंची बघून लोक घेतात. पण एक गोष्ट तिथं आहे ती इथंही पाहिजे. शर्यत सुटायच्या जागी एक पशुवैद्य उभा असतो, त्याचा घोडा नसतो, पैसा लागलेला नसतो. त्याला चाल खटकली की तो अगदी ऐन वेळी घोडा बाहेर काढतो. मालक चिडतो, ट्रेनर चिडतो, पण घोडा बाहेरच राहतो. जत्रेत हा निर्णय कोण घेतं? मालक, ज्यानं फी भरलीय आणि भावकीत शब्द दिलाय. त्याचं घोड्यावर प्रेम नसतं असं नाही, पण त्या दिवशी त्याला नाही म्हणता येत नाही. तुझे मामा आत्ता त्याच जागी उभे आहेत. म्हणून त्यांना ‘तुम्ही चुकताय’ म्हणू नकोस. ‘डॉक्टरांनी बघून सांगितलं तर थांबू’ एवढंच म्हण. डॉक्टरनं नाही म्हटलं तर भाऊबंदांपुढं त्यांची मान खाली जात नाही.

रायबागच्या दादांना एक विचारतो. ऊस तुटलेलं रान नांगरून, कुळव फिरवून, ढेकळं फोडून चांगली सरळ धाव तयार होते. बैलांसाठी हे करतातच की. मग घोड्यालाच रस्ता का?

गाडीशौकीन रायबाग

काका, रानाचं तुमचं पटतं. पण घोडागाडीला पल्ला लांब लागतो, एवढं सलग रान एका शेतकऱ्याचं नसतं, चार बांध फोडावे लागतात. आमच्या इथं एकदा गायरानावर घेतली होती, मोटारसायकली आत सोडल्या नव्हत्या. गर्दी कमी झाली म्हणून पुढच्या वर्षी कमिटीनं परत रस्ता धरला. बघणाऱ्यांनाच गाडीमागं पळायचं असतं, हे खरं दुखणं आहे. पल्ला कमी केला तर रानात बसेल, हे मात्र मी आमच्या मंडळींपुढं मांडतो.

पशुवैद्य, चिकोडी भाग

सरकारी दवाखान्यात काम करतो म्हणून नाव लिहीत नाही. मोतद्दार काकांनी पायाचं बरोबर सांगितलं आहे. मी कायद्याचं आणि थोडं वैद्यकीय लिहितो.

वर बैलगाडीच्या कायद्याचा दाखला दिला गेला, तिथं गल्लत होते आहे. कर्नाटकाची २०१७ ची दुरुस्ती कंबळ (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या शर्यतीपुरती आहे. घोड्याचा त्यात समावेश नाही. बैलांनाही मोकळं रान दिलेलं नाही. महाराष्ट्राच्या नियमांत धाव १००० मीटरपर्यंतच आहे आणि रस्त्यावर शर्यत घ्यायला मनाई आहे. घोड्याला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पूर्ण लागू होतो. मारणं, झेपेल त्यापलीकडं पळवणं, अपायकारक औषध देणं हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणून कुणी भीत नाही हे कबूल. पण जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी हाकण्याचं कलम २८१ वेगळं. १९६५ च्या नियमांनुसार तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल तिथं दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपता येत नाही, आणि खिळे किंवा टोकं असलेला लगाम, काठी वापरता येत नाही. अथणी-रायबागकडच्या उन्हाळी जत्रांत शर्यती नेमक्या भर दुपारी सुटतात.

घोडीच्या वयाचं कुणी बोललं नाही, मला तेच जास्त खटकलं. दुसा म्हणजे अडीच-तीन वर्षं. पायांच्या हाडांची वाढ या वयात जेमतेम पुरी होत असते आणि पाठीच्या मणक्यांची व्हायला आणखी दोन-तीन वर्षं जातात. हळूहळू सवय दिली तर हाड भक्कम होतं, एकदम डांबरीवर लांब पल्ला पळवला तर त्याच हाडात बारीक चिरा पडत जातात आणि एक दिवस ते तुटतं. ही घोडी यंदा निरोगी असती तरी मी नकोच म्हणालो असतो.

खिळा लागल्याचा जराही संशय असेल तर धनुर्वाताची लस झाली आहे का बघा. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. बाजारातून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली असावी, तो रोग माणसालाही होतो. तुमच्या लिहिण्यात या दोन्हींचा उल्लेख नाही म्हणून सुचवलं.

आणि एक मनातलं. शर्यतीच्या सकाळी आमच्याकडे मंडपात टेबल मांडतात, नारळ देतात आणि शंभर जनावरांच्या फिटनेसवर सही मागतात. जनावर पळवून दाखवा म्हटलं की वरून फोन येतात. घोडा कडक जमिनीवर दुडकीनं जाता-येता बघितल्याशिवाय कुणीही डॉक्टर त्याच्या पायाबद्दल काही सांगू शकत नाही. कमिटीला खरंच काळजी असेल तर ही तपासणी आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे नाही म्हणायला वेळ असतो.

तालुक्याच्या दवाखान्यात घोडी आणता येत नसेल तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. गाडीत घालून खडबडीत रस्त्यानं आणू नका.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मामांना व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला, मग स्वतः जाऊन दोन्ही पायांवर हात ठेवला. म्हणाले, डॉक्टर येऊ देत. आज १९६२ वाले डॉक्टर आले. खुरात काही नाही, शीर दुखावली आहे असंच त्यांचंही मत. धनुर्वाताची लस नव्हती, ती सुरू केली. पूर्ण विश्रांती, आणि पुढं सोनोग्राफी झाली तर किती फाटली आहे ते कळेल म्हणाले. मामांनी कमिटीला फोन करून गाडी काढून घेतली. फी परत मिळणार नाही. भाऊबंदांना त्यांनी स्वतःच सांगितलं की डॉक्टरनं मना केलंय.

मी कमिटीला अर्ज लिहितोय, शेजारच्या मास्तरांकडून कन्नडमध्येही करून घेणार. मोटारसायकली नकोत, तपासणी आदल्या दिवशी, आणि दुपारची शर्यत सकाळी, एवढं मागतोय. काका, आता घोडीला थानावर (तबेल्यात बांधून) ठेवायची तर नेमकं काय करू? दाणा तोच चालू ठेवू का, की अशक्त होईल?

जुना मोतद्दार

मामांना माझा नमस्कार सांग. फोन करणं सोपं नसतं.

दाणा आजच कमी कर. हरभरा-भरडा पळणाऱ्या घोड्याचा असतो. उभ्या घोडीला तोच चालू ठेवलास तर ती ज्या दिवशी परत बाहेर निघेल त्या दिवशी मांड्या दगडासारख्या आखडतील, घामाघूम होऊन जागेवर थांबेल आणि लघवी काळपट होईल. पूर्वी सुट्टीनंतर टांग्याच्या घोड्यांना हे हमखास व्हायचं. कडबा आणि वाळलं गवत पोटभर दे, दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं. दाणा मूठभर, नावापुरता. मीठ आणि पाणी कायम समोर असू दे.

पायावर विहिरीच्या गार पाण्याची धार, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, ऊब जाईपर्यंत. तेल चोळू नकोस, तापल्या लोखंडानं डाग देणारा कुणी आला तर दारातून परत पाठव. ऊब गेली की बरी झाली असं समजू नकोस, इथंच सगळे घाई करतात. शिरेला भरून यायला वर्षाच्या आसपास लागतं आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचीक कधीच होत नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हापासून मऊ जमिनीवर हातात धरून चालव, आधी दहा मिनिटं, मग वाढवत ने. खाली जाड भुसा किंवा उसाचं पाचट अंथर, म्हणजे तिला बसावंसं वाटेल. दुसऱ्या पुढच्या पायावरही रोज हात फिरव, कारण आता भार तो घेतोय. नालबंदाला सहा आठवड्यांनी बोलावत जा, पळत नाही म्हणून खूर वाढू देऊ नकोस, टाच खाली बसली की शीर आणखी ताणते.

अर्जात आणखी एक ओळ घाल. शर्यतीच्या जागी ट्रॉली, ताडपत्री आणि एक डॉक्टर तयार ठेवा म्हणावं. आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासकट घे, एक प्रत पंचायतीच्या पीडीओंना (विकास अधिकाऱ्यांना) दे.